परदेशातील राष्ट्रीय सण : ध्वज आपला, सुट्टी दुसऱ्याची

स्वातंत्र्यदिनी सकाळी साडेसातच्या सुमारास लाल किल्ल्यावर तिरंगा फडकतो, तेव्हा दुबईत सकाळचे सहा वाजलेले असतात, लंडनमध्ये पहाटेचे तीन आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे दहा. सॅनफ्रान्सिस्कोतील भारतीय विद्यार्थी हा सोहळा १४ ऑगस्टच्या संध्याकाळी पाहतो, तर सिडनीतील कर्मचारी १५ तारखेच्या भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांची आणि भारतीय वंशाच्या लोकांची संख्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार साडेतीन कोटींच्या घरात आहे. त्यात शिक्षणासाठी, कामासाठी किंवा केवळ पर्यटनासाठी गेलेल्या लोकांची सतत भर पडत असते. या सर्वांचा १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी कसा साजरा होतो, हा प्रश्न वरवर पाहता सोहळ्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो यजमान देशाच्या दिनदर्शिकेचा, तेथील कायद्याचा आणि अखेरीस नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

औपचारिक कार्यक्रमाचे स्वरूप जगभर जवळपास सारखेच असते. दूतावास, उच्चायुक्तालय किंवा वाणिज्य दूतावासाच्या आवारात सकाळी ध्वजारोहण होते, राष्ट्रगीत होते आणि राष्ट्रपतींनी आदल्या संध्याकाळी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणाचे वाचन होते. त्यानंतर तेथील भारतीय शाळेतील मुलांची देशभक्तिपर गीते आणि अल्पोपाहार. देशात असताना ध्वजवंदनाला क्वचितच जाणारी माणसे परदेशात मात्र तासाभराचा प्रवास करून या कार्यक्रमाला आवर्जून येतात, हा अनेक शहरांतील अनुभव आहे. घरी जी गोष्ट आपोआप घडते, तिच्यासाठी परमुलुखात रजा टाकावी लागते, हे त्याचे एक साधे कारण असावे.

कारण सुट्टी त्या दिवशी नसतेच. म्हणूनच बहुतेक मोठे सार्वजनिक कार्यक्रम १५ ऑगस्टच्या मागच्या किंवा पुढच्या रविवारी होतात. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर १९८१ पासून निघणारी ‘इंडिया डे परेड’ रविवारीच निघते. रस्त्यावर वाहतूक बंद ठेवणे, पोलीस बंदोबस्त मिळणे आणि लोकांना येता येणे या तिन्ही गोष्टी रविवारीच जमतात. राष्ट्रीय दिवसाची तारीख अशी सरकवून घेण्याची सवय परदेशातील मराठी मंडळांना गणेशोत्सवामुळे आधीपासूनच आहे. महाराष्ट्र दिनाच्या बाबतीत नशीब थोडे बरे म्हणायचे. १ मे हा कामगार दिन असल्याने युरोपातील अनेक देशांत त्या दिवशी सुट्टी असते. अमेरिकेत मात्र तीही सोय नाही.

काही देशांत १५ ऑगस्टला सुट्टी असते, पण ती वेगळ्याच कारणाने. दक्षिण कोरियात हा दिवस १९४५ मध्ये जपानी राजवटीतून झालेल्या मुक्ततेचा राष्ट्रीय दिन आहे. सोलमध्ये त्या दिवशी गेलेल्या भारतीय प्रवाशाला रस्तोरस्ती राष्ट्रध्वज दिसतात, फक्त ते कोरियाचे असतात. जपानमध्ये तीच तारीख महायुद्धाच्या समाप्तीची आणि मृतांच्या स्मरणाची आहे. तेथे उत्सवाचा नव्हे, मौनाचा दिवस. इटली, फ्रान्स, स्पेन येथे मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असल्याने बाजारपेठा बंद असतात. आफ्रिकेतील काँगो प्रजासत्ताक १९६० मध्ये याच तारखेला स्वतंत्र झाले. सुट्टी हातात असते, पण ती दुसऱ्याच्या आठवणीची असते.

आखातातील सकाळ

या विषयाची चर्चा बहुधा न्यूयॉर्क आणि लंडनच्या मिरवणुकांभोवती फिरते. परंतु संख्येच्या दृष्टीने पाहिले तर परदेशातील भारतीय नागरिकांचे सर्वांत मोठे केंद्र आखात हे आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात, त्यांपैकी ३५ लाखांहून अधिक एकट्या संयुक्त अरब अमिरातीत. अमेरिकेतील मिरवणुकीत चालणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे अमेरिकी पारपत्र असते. आखातातील जवळजवळ प्रत्येक भारतीय मात्र कायद्याने भारतीयच राहतो, कारण तेथे नागरिकत्व मिळण्याची वाट परकीयांसाठी जवळपास बंद आहे. त्याचा मुक्काम नोकरीच्या कराराएवढाच. या अर्थाने १५ ऑगस्ट हा त्याचा दिवस इतर कोणाहीपेक्षा अधिक आहे.

आणि तोच त्या सोहळ्यात सर्वांत कमी दिसतो. ऑगस्टच्या उकाड्यामुळे आखातातील दूतावासांत ध्वजारोहण सकाळी लवकर उरकले जाते. त्या वेळी बांधकाम मजुरांच्या बसगाड्या छावणीतून निघून कामाच्या जागी पोहोचलेल्या असतात. अमिरातीत १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. स्वातंत्र्यदिन या काळातच येत असल्याने मजुराला त्या दिवशी मिळणारी विश्रांती ही राष्ट्रीय सणाची नसून उन्हाची असते. संध्याकाळी बुर्ज खलिफावर तिरंग्याची रोषणाई झाली की तिची छायाचित्रे भारतभर फिरतात. ती इमारत उभारणाऱ्यांत दक्षिण आशियातील मजुरांचा मोठा वाटा होता, याची आठवण त्या छायाचित्रांसोबत सहसा येत नाही.

आणखी एक विसंगती येथे नोंदवण्यासारखी आहे. राष्ट्रीय सुट्टी असल्याने १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला भारतीय दूतावासांचे पारपत्र व साक्षांकनाचे कामकाज बंद असते. ध्वजवंदनासाठी दरवाजा उघडतो, पण खिडकी बंद असते. ज्या कामगाराला एकाच फेरीत ध्वजवंदनही करायचे आहे आणि थकलेल्या पगाराची तक्रारही नोंदवायची आहे, त्याला पुन्हा रजा काढून यावे लागते. अडचणीतील नागरिकांच्या मदतीसाठी भारत सरकारने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन केला आणि अनेक दूतावास तक्रारींसाठी ठराविक दिवशी खुली बैठकही घेतात. या व्यवस्था उपयोगी आहेत, यात शंका नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने मायदेशी आणावे लागले. दूतावास म्हणजे काय, हे त्या कुटुंबांना ज्या प्रसंगी कळले तो ध्वजारोहणाचा नव्हता.

देश नव्हता तेव्हाचे उत्सव

परदेशात राष्ट्रीय दिवस साजरा करण्याची भारतीय परंपरा स्वातंत्र्याहून जुनी आहे. किंबहुना तिचा आरंभच परदेशात झाला, असे म्हणता येईल. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात सुरू केलेल्या ‘इंडिया हाऊस’मध्ये १० मे १९०८ रोजी १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन पाळण्यात आला. त्यामागे विनायक दामोदर सावरकर होते. भारतात जो दिवस उघडपणे पाळता आला नसता, तो साम्राज्याच्या राजधानीत पाळला गेला.

त्याच्या आदल्या वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, जर्मनीतील श्टुटगार्ट येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा म्हणून एक तिरंगी ध्वज फडकावला. हा ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला आणि तो पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जतन करण्यात आला. पुण्यात नित्य राहणाऱ्यांपैकीही अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते.

तिसरा प्रसंग खेळाचा आहे आणि त्याची तारीख थक्क करणारी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला झाला. समोर यजमान जर्मनी होता आणि त्याच संघाने सरावाच्या सामन्यात भारताला हरवले होते. संचलनात भारतीय पथकाला ब्रिटिश हिंदुस्थानचा अधिकृत ध्वज घेऊन चालावे लागले होते. अंतिम सामन्यापूर्वी मात्र खेळाडूंच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ध्यानचंद यांच्या संघाने त्याला वंदन केले. भारताने सामना ८-१ असा जिंकला. ही तारीख अकरा वर्षांनी स्वातंत्र्यदिनाची ठरेल, हे त्या खोलीतील कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९४८ मध्ये, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनाच्या तीन दिवस आधी, १२ ऑगस्टला लंडनच्या वेम्बलीवर भारताने ब्रिटनलाच ४-० असे हरवले. तेव्हा तिरंगा लपवून ठेवण्याची गरज उरली नव्हती.

या प्रसंगांची तुलना आजच्या सोहळ्यांशी करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण एक फरक लक्षात घ्यावा लागतो. तेव्हाच्या उत्सवात जोखीम होती आणि ती पत्करणाऱ्यांना आपण काय मागत आहोत, हे नेमके माहीत होते. स्वातंत्र्यानंतरचा परदेशी उत्सव पुष्कळ काळ निर्धास्त होता. गेल्या काही वर्षांत त्याची निर्धास्ती कमी झाली आहे.

रस्ता कोणाचा

भारतात प्रत्येक नागरिकाला राष्ट्रध्वज सन्मानाने फडकावण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये नवीन जिंदल प्रकरणात तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. परंतु सीमा ओलांडताच हा अधिकार मागे राहतो आणि यजमान देशाचा कायदा लागू होतो. सिंगापूरमध्ये परकीय राष्ट्रचिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर नियंत्रण ठेवणारा १९४९ चा कायदा आहे. त्यामुळे बाल्कनीत तिरंगा लावण्यापूर्वी तेथील भारतीयाला नियम पाहावा लागतो. आखाती देशांत परवानगीविना मिरवणूक काढण्याचा प्रश्नच येत नाही. तेथील स्वातंत्र्यदिन दूतावास, भारतीय शाळा आणि क्लब यांच्या भिंतींआडच साजरा होतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे रस्ता मिळतो, पण तो विरोधकांनाही तितकाच मिळतो.

लंडनमध्ये १५ ऑगस्ट २०१९ रोजी याचा प्रत्यय आला. जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द झाल्यानंतरच्या त्या स्वातंत्र्यदिनी उच्चायुक्तालयासमोर मोठी निदर्शने झाली आणि उत्सवासाठी जमलेल्या भारतीयांच्या दिशेने अंडी व बाटल्या फेकल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये खलिस्तानवादी निदर्शकांनी याच इमारतीवरील तिरंगा खाली ओढला. यजमान सरकारने दूतावासांचे संरक्षण करणे हे व्हिएन्ना कराराने घातलेले बंधन आहे आणि त्यात ब्रिटिश पोलीस कमी पडले, ही भारताची तक्रार रास्तच होती.

तथापि सगळे वाद बाहेरून आलेले नाहीत. १४ ऑगस्ट २०२२ रोजी न्यू जर्सीतील एडिसन येथील स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत एक बुलडोझर आणण्यात आला, त्यावर भारतातील सत्ताधारी नेत्यांची छायाचित्रे होती. उत्तर प्रदेशात घरे पाडण्याच्या कारवाईचे प्रतीक बनलेले ते यंत्र पाहून तेथील भारतीय मुस्लिमांनी तीव्र आक्षेप घेतला आणि संयोजकांना लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२४ च्या न्यूयॉर्क परेडमधील अयोध्येच्या राममंदिराच्या प्रतिकृतीवरूनही असाच वाद झाला. संयोजकांच्या मते तो वारशाचा गौरव होता, आक्षेप घेणाऱ्यांच्या मते राष्ट्रीय दिवसाला एका धर्माचा रंग देणे होते. दोन्ही बाजू भारतीयच होत्या. देशांतर्गत भांडणे सामानासोबत प्रवास करतात आणि परक्या रस्त्यावर ती अधिक उघडी पडतात. कारण तेथे पाहणाऱ्याला त्यामागचा इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त चित्र दिसते. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ज्या भारतीयाला पाऊल टाकावेसे वाटत नाही, त्याच्यापुरता तो दिवस साजरा झालेला नसतो, ही साधी गोष्ट संयोजकांनी ध्यानात घ्यायला हवी होती.

दुसरीकडे, स्थलांतरितांविषयीचा रोष अनेक देशांत वाढला आहे आणि त्याची झळ उत्सवाला बसू लागली आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ल्यांच्या घटना घडल्या. तेथील भारतीय दूतावासाने १ ऑगस्टला सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. त्यानंतर डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दरवर्षी होणारा ‘इंडिया डे’चा कार्यक्रम संयोजकांनी सुरक्षेच्या कारणास्तव पुढे ढकलला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ऑस्ट्रेलियातील शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले आणि त्यांच्या प्रचारपत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. शतकापूर्वी लंडनमध्ये भारतीय दिवस पाळणाऱ्यांना पोलिसांची भीती होती. आता पोलिसांच्या बंदोबस्ताविना तो पाळता येईल का, ही चिंता आहे.

उत्सवाला निमंत्रण, मतदानाला नाही

राष्ट्रीय दिवस हा शेवटी नागरिकांचा दिवस आहे. तो साजरा करणाऱ्या परदेशस्थ नागरिकाचा देशाच्या कारभारात वाटा किती, हे पाहिल्याखेरीज या विषयाचे चित्र पूर्ण होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. मतदानाचे चित्र याच्या अगदी उलट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकांना मतदार म्हणून नोंदणी करता येऊ लागली, पण मत देण्यासाठी स्वतःच्या मतदारसंघात जातीने हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १ लाख २० हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले जेमतेम तीन हजारांनी आणि त्यांतील बहुतेक केरळचे होते. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये संमत केले, परंतु राज्यसभेत ते मंजूर न झाल्याने २०१९ मध्ये रद्दबातल झाले. टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवण्याचा निवडणूक आयोगाचा २०२० मधील प्रस्तावही मार्गी लागलेला नाही. दुबईहून नाशिक किंवा रत्नागिरीपर्यंतचे विमानाचे आणि पुढचे भाडे, बुडणारा पगार आणि रजा यांचा हिशेब केला तर मजुराने मतदानासाठी येणे जवळपास अशक्य आहे. केरळमधून जे आले, त्यांच्यासाठीही राजकीय पक्ष आणि संघटना धडपडल्या होत्या. महाराष्ट्रातील पक्षांनी आखातातील मतदारांसाठी तशी धडपड केल्याचे दिसत नाही.

मूळ भारतीय असलेल्या, पण परकीय नागरिकत्व घेतलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी ‘ओसीआय’ कार्ड आहे आणि अशा कार्डधारकांची संख्या ४० लाखांच्या वर आहे. नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यात मताधिकार नाही. मॅडिसन अव्हेन्यूवर सर्वांत मोठा तिरंगा धरणाऱ्या हातांत बहुधा हेच कार्ड असते.

सर्वांत गुंतागुंतीचे चित्र मात्र ऑस्ट्रेलियात दिसते, कारण तेथे दोन देशांचे राष्ट्रीय दिवस एकाच तारखेला येतात. २६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिप याच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश ताफ्याने सिडनीच्या किनाऱ्यावर ध्वज रोवला. ऑस्ट्रेलिया दिन त्या घटनेचा आहे. २६ जानेवारी १९३० रोजी भारतीयांनी ब्रिटिश सत्तेतून पूर्ण स्वराज्य मिळवण्याची प्रतिज्ञा घेतली आणि ती तारीख जपण्यासाठीच १९५० मध्ये राज्यघटना त्या दिवशी अंमलात आली. एकाच तारखेला एक देश ब्रिटिशांचे आगमन साजरे करतो आणि दुसरा त्यांना घालवण्याचा निर्धार. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजासाठी हा दिवस १९३८ पासून शोकदिन आहे आणि त्या दिवशी निघणाऱ्या त्यांच्या मोर्चांना आता मोठी गर्दी असते. भारतीयांना प्रजासत्ताक दिनी सार्वजनिक सुट्टी देणारा हा जगातील दुर्मीळ देश. पण ती सुट्टी कशाची, यावर यजमानांचेच एकमत नाही. ब्रिटिश वसाहतीचा अनुभव असलेल्या भारतीयाने त्या दिवशी कोणत्या बाजूला उभे राहावे, हा प्रश्न तेथील दुसऱ्या पिढीतील तरुणांना पडू लागला आहे. आईवडिलांना तो फारसा पडला नव्हता. त्यांना सुट्टी मिळाल्याचा आनंद होता. क्रिकेट मंडळांनी तर या योगायोगाचा उपयोगही करून घेतला. २६ जानेवारी २०१६ रोजी ॲडलेडच्या टी-२० सामन्यात विराट कोहलीने नाबाद ९० धावा केल्या आणि भारत ३७ धावांनी जिंकला, तेव्हा प्रेक्षागृहात दोन्ही ध्वज आपापला राष्ट्रीय दिवस साजरा करत होते.

२०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेल्या लोकांची संख्या ६ लाख ७३ हजारांवर होती. परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडखालोखाल हा सर्वांत मोठा समूह. तेथील नवे नागरिक होणाऱ्यांत गेली काही वर्षे भारतीय अग्रभागी आहेत. भारताचे नागरिकत्व सोडणाऱ्यांची एकूण संख्या २०२२ मध्ये २ लाख २५ हजार, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार होती. ऑस्ट्रेलियात नागरिकत्वाची शपथ देण्याचे समारंभ प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया दिनी होत आले आहेत. पूर्वी स्थानिक परिषदांवर त्याच दिवसाचे बंधन होते. डिसेंबर २०२२ पासून तीन दिवस मागे-पुढे करण्याची मुभा मिळाली असली तरी अनेक ठिकाणी तारीख तीच आहे.

भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते आणि पारपत्र परत करावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार नवे नागरिकत्व समारंभातील शपथेच्या क्षणी लागू होते. त्यामुळे मेलबर्न किंवा सिडनीच्या एखाद्या उपनगरात २६ जानेवारीला सकाळी वाणिज्य दूतावासात ध्वजवंदन करून, राष्ट्रपतींचे भाषण ऐकून निघालेले कुटुंब त्याच दिवशी नगर परिषदेच्या सभागृहात शपथ घेते. दुपारी ते बाहेर पडते, तेव्हा त्यांच्या हातात ऑस्ट्रेलियाचा एक छोटा ध्वज आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असते. घरी ठेवलेले भारतीय पारपत्र जमा करण्यासाठी वाणिज्य दूतावासाकडे पुन्हा अर्ज करायचा असतो, पण तो दुसऱ्या दिवशी. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्याने ती खिडकी बंद असते.